वारा वळल्यानंतरचं शहाणपण

‘वारा वाहील तशी पाठ द्यावी’ अशी मराठीत एक म्हण आहे. ती कुणाबद्दल वापरली की त्या माणसाबद्दलचं आपलं मत स्पष्ट होतं. शिडाच्या छोट्या नावांच्या, म्हणजे डिंगींच्या शर्यतीत मात्र ही म्हण पहिल्याच टप्प्यात निकामी होते. पहिला बोया मुद्दाम, वारा जिकडून येतो त्याच दिशेला टाकलेला असतो. वाऱ्याला पाठ देऊन तिथे पोचता येत नाही. वाऱ्याकडे सरळ तोंड करूनही नाही. शीड नुसतं फडफडतं आणि नाव जागच्या जागी थांबते. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून आधी एका बाजूला जायचं, मग नावेचं नाक वाऱ्यातून पलीकडे फिरवून दुसऱ्या बाजूला, असं नागमोडी जात वर चढायचं. नाव अशी फिरवण्याला टॅक करणं म्हणतात. वारा उजव्या अंगाने येत असेल तर नाव स्टारबोर्ड टॅकवर असते, डाव्या अंगाने येत असेल तर पोर्ट टॅकवर.

टॅक केव्हा करायचा, हा या खेळातला सगळ्यात अवघड प्रश्न. त्यावर गेली पन्नास-साठ वर्षं पुस्तकं लिहिली जात आहेत आणि आता टीव्हीचे कॅमेरेही त्याचं उत्तर देऊ लागले आहेत. मी खडकवासल्याच्या धरणात आणि मुंबई बंदरात क्रू म्हणून डिंगीत बसले आहे. ही पुस्तकं मी आधी उपयोगासाठी वाचली, नंतर पुस्तकं म्हणून वाचू लागले. या दुसऱ्या वाचनातून काही आक्षेप तयार झाले, ते इथे मांडते. शर्यत संपल्यावर तिची जी गोष्ट सांगितली जाते, तिच्यात वाऱ्याचं श्रेय आणि वाऱ्याचा दोष फार सहजपणे माणसांच्या नावावर चढतो. ज्यांनी ही चूक सगळ्यांत कमी केली, ती पुस्तकं मला या विषयातली श्रेष्ठ पुस्तकं वाटतात.

दहा अंशांचा अर्थ

आधी थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं बोलणं हवेत राहील.

वारा कधीच एका दिशेने स्थिर येत नाही. तो डावी-उजवीकडे झुलतो, आणि त्याबरोबर वाऱ्याशी ४५ अंश धरून जाणाऱ्या नावेची दिशाही झुलते. वारा उजवीकडे वळला तर स्टारबोर्ड टॅकवरच्या नावेचं नाक आपोआप बोयाकडे येतं. ही तिची ‘लिफ्ट’. त्याच क्षणी पोर्ट टॅकवरच्या नावेचं नाक बोयापासून दूर ढकललं जातं. हा तिचा ‘हेडर’. एकाच वळणाने एकीला देणं आणि दुसरीकडून घेणं, दोन्ही होतं.

आता दोन नावा बरोबरीत आहेत, पण एकमेकींपासून आडव्या १०० मीटर लांब आहेत असं समजा. वारा उजवीकडच्या नावेच्या दिशेने १० अंश वळला, तर ती नाव काहीही न करता वाऱ्याच्या दिशेने सुमारे १७ मीटर पुढे जाते. नागमोडी वाटेने मोजलं तर हे अंतर जवळपास २५ मीटर भरतं. साडेचार मीटर लांबीच्या नावेसाठी हे पाच नावांहून अधिक अंतर झालं. शिडाची उत्तम मांडणी, पोटाचे स्नायू दुखेपर्यंत नावेबाहेर झुकून राहणं, या सगळ्या मेहनतीतून पूर्ण टप्प्यात जे मिळत नाही ते इथे एका झुळकीत मिळतं. नावांमधलं आडवं अंतर जितकं जास्त, तितकी ही कमाई किंवा हानी मोठी. म्हणून आडवं अंतर म्हणजे लावलेल्या पैजेची रक्कम असं समजायला हरकत नाही.

आणि आता मुख्य अडचण. वारा उजवीकडे १० अंश वळला. हा झोका असेल, म्हणजे थोड्या वेळाने वारा परत डावीकडे येणार असेल, तर शहाणपण यात की स्टारबोर्ड टॅकवर राहून लिफ्ट घ्यावी, म्हणजे डावीकडे जावं. पण हा झोका नसून वारा कायमचा उजवीकडे सरकत असेल, तर शहाणपण नेमकं उलटं: हेडर सोसत पोर्ट टॅकवर उजवीकडे जात राहावं, कारण आणखी वारा तिकडूनच येणार. दोन्ही वेळी कंपासवर दिसणारा आकडा तोच. पाण्यावरचे काळपट पट्टे तेच. मागणी मात्र परस्परविरुद्ध. झोका होता की सरकणं होतं, हे वारा पुढे काय करतो यावर ठरतं, आणि पुढचा वारा निर्णयाच्या क्षणी कुणाच्याच हातात नसतो.

‘वारा वाचणे’ हा शब्दप्रयोग या खेळात सर्रास चालतो. तो अर्धाच खरा आहे. पाण्याचा रंग वाचून वारा कुठे जास्त आहे हे कळतं. दुसऱ्या नावांची नाकं आणि किनाऱ्यावरचा धूर पाहून त्याची दिशाही काहीशी कळते. पण मिळतं ते अर्धं वाक्य. उरलेलं वाक्य वारा लिहून पूर्ण करतो आणि आपण नंतर म्हणतो, अमक्याने ते आधीच वाचलं होतं.

पाण्यावर आखलेल्या रेषा

टीव्हीवर ही शर्यत दाखवणं पूर्वी फार कठीण होतं. दोन नावा विरुद्ध दिशांना जात आहेत, मध्ये अर्धा किलोमीटर पाणी; पुढे कोण आहे हे बघणाऱ्याला कळणार कसं? २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या अमेरिकाज् कपच्या वेळी यावर एक देखणा उपाय लोकांसमोर होता. हेलिकॉप्टरच्या चित्रावर, जणू पाण्यावरच, वाऱ्याला काटकोनात समांतर रेषा आखलेल्या दिसायच्या. जी नाव वरच्या रेषेवर ती पुढे. हे तंत्र उभं करणारे स्टॅन हनी स्वतः सागरी शर्यतींतले मातब्बर नॅव्हिगेटर. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर टीव्हीत दिसणाऱ्या पिवळ्या रेषेमागेही तेच होते. तिथल्या नावा डिंगी नव्हत्या, मोठे कॅटामरान होते. पण रेषा आखून शर्यत समजावण्याची ही रीत नंतर डिंगींच्या प्रक्षेपणातही रुळली.

मला या रेषा आवडतात. त्यांच्यामुळे माझ्या घरात, नावेत कधी पाय न ठेवलेल्या माणसांनीही शर्यत शेवटपर्यंत पाहिली आहे. तरी त्यांच्याबद्दल माझी एक तक्रार आहे. रेषा आत्ताच्या वाऱ्याला काटकोनात असतात. वारा वळला की रेषांची अख्खी शिडीच फिरते, आणि दोन्ही नावा आपापल्या जागी असताना पुढची मागे, मागची पुढे होते. हा क्षण प्रक्षेपणातला सगळ्यात प्रामाणिक क्षण असतो. आघाडी ही नावेच्या मालकीची वस्तू नाही, एका अंदाजाचं ते नाव आहे, हे त्यात उघड दिसतं. नेमक्या त्याच क्षणी समालोचक उत्साहाने सांगतो की अमक्याने काय सुंदर बाजू निवडली! रेषेने नुकतं जे उघड केलं ते समालोचक लगेच झाकून टाकतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शर्यतीच्या नियमांत ४१ व्या क्रमांकाचा एक नियम आहे. काही मोजके अपवाद सोडता नावेने बाहेरच्या कुणाकडूनही मदत घ्यायची नाही, असं तो सांगतो. किनाऱ्यावरून प्रशिक्षकाने ‘उजवीकडे जा’ असं ओरडलेलं चालत नाही. म्हणजे डिंगीच्या शर्यतीचा पायाच हा आहे की नाविकाला जेवढं पाण्यावरून, पाण्याच्या पातळीवर बसून दिसतं तेवढ्यावरच त्याने ठरवायचं. प्रेक्षकाला मात्र आभाळातून सगळं दिसतं: दोन्ही बाजूंचा वारा, सगळ्या नावा, सगळ्या रेषा. प्रेक्षकाला जास्त दिसण्यात गैर काही नाही. नाटकातही ते असतं. पण नाटकाचा प्रेक्षक पात्राला मूर्ख ठरवताना थोडा थबकतो, कारण पडद्यामागे कोण लपलंय हे पात्राला माहीत नाही याची त्याला आठवण असते. शर्यतीचा प्रेक्षक थबकत नाही. ‘इतका स्वच्छ वारा उजवीकडे असताना हा डावीकडे गेलाच कसा?’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचं उत्तरही आता पाठ झालंय: त्याला तो दिसत नव्हता.

तीन लेखक

पुस्तकांकडे वळते. तीन लेखक घेते. तिघांचे मूळ व्यवसाय वेगळे, आणि त्यांच्या लिखाणाची घडण मला त्या व्यवसायांतून आलेली दिसते.

डेव्हिड हॉटन हे ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ, ब्रिटनच्या ऑलिम्पिक शीडनाविकांचे सल्लागार. त्यांचं ‘विंड स्ट्रॅटेजी’ हे छोटेखानी पुस्तक कारणांचं पुस्तक आहे. वारा का वळतो? जोरदार झोत वरच्या थरातली हवा खाली आणतो. उत्तर गोलार्धात वरचा वारा पृष्ठभागावरच्या वाऱ्यापेक्षा उजवीकडे वळलेला असतो. म्हणून झोत आला की वारा उजवीकडे सरकण्याचा संभव जास्त, आणि तेव्हा स्टारबोर्ड टॅक फायद्याचा. किनाऱ्यालगत जमिनीवरचा आणि पाण्यावरचा वारा कुठे एकवटतो, कुठे विरळ होतो. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा दिवस चढेल तसा कसा वळत जातो. सगळं नेमकं आणि आटोपशीर.

हॉटन यांची मोठी गोष्ट ही की ते ‘संभव’ या शब्दाला चिकटून राहतात. मर्यादा वेगळीच आहे. त्यांचा वारा इंग्लिश चॅनेलचा आहे. पृथ्वीच्या फिरण्याने वाऱ्याला मिळणारं वळण अक्षांशावर अवलंबून असतं. ५० अक्षांशावर ते जेवढं असतं त्याच्या निम्म्याहूनही कमी ते मुंबईच्या १९ अक्षांशावर भरतं. शिवाय मुंबईचं बंदर शहराच्या पूर्वेला. दुपारी वायव्येकडून येणारा खारा वारा मलबार हिल, फोर्ट, कुलाब्याच्या इमारती ओलांडून, त्यांना ठेचकाळत मग पाण्यावर उतरतो. पुस्तकातल्या आकृतीतला निर्मळ, हळूहळू उजवीकडे वळणारा वारा इथे तसाच्या तसा मिळण्याची आशा धरू नये. हा हॉटन यांचा दोष नाही. त्यांचे नियम कारणांसकट पाठ न करता नुसते सुभाषितांसारखे पाठ करणाऱ्यांचा तो दोष आहे, आणि असे वाचक आपल्याकडे बरेच आहेत.

स्टुअर्ट वॉकर अमेरिकन, व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ आणि वैद्यकाचे प्राध्यापक. १९६६ चं ‘द टॅक्टिक्स ऑफ स्मॉल बोट रेसिंग’, १९७६ चं ‘ॲडव्हान्स्ड रेसिंग टॅक्टिक्स’ आणि अशी अनेक पुस्तकं त्यांनी लिहिली. वॉकर यांची रीत अशी की एखादी शर्यत, बहुधा स्वतःची, सांगायची. मग तिची चिरफाड करायची. शेवटी नियम काढायचा. डॉक्टरच्या हाताला सवय असलेला हा प्रकार आहे, केसपेपरचा. तक्रार, लक्षणं, निदान, उपचार.

वॉकर वाचताना मी हरखून जाते, हे आधी कबूल करते. त्यांच्या शर्यतींत माणसं आहेत, हाव आहे, घाबरणं आहे. आघाडीवरचा माणूस मागच्यांकडे बघत बसतो आणि समोरचा वारा विसरतो, हे त्यांच्यासारखं क्वचितच कुणी लिहिलं असेल. पण केसपेपरच्या रीतीत एक सापळा आहे. केसपेपर लिहिताना रोगाचं नाव ठाऊक झालेलं असतं. मग सुरुवातीची सगळी लक्षणं त्या रोगाकडे बोट दाखवणारी वाटू लागतात. जी दाखवत नव्हती ती कागदावर येतच नाहीत. वॉकर यांच्या शर्यतींतला वारा निकाल कळल्यानंतरचा वारा आहे. पश्चिमेचा ढग, पाण्यावरचा पट्टा, पहिल्या नावेचं वळलेलं नाक: ओळीने मांडल्यावर सगळं इतकं स्वच्छ दिसतं की ते तेव्हाच कसं दिसलं नाही याचं लेखकाला स्वतःलाच आश्चर्य वाटतं. आणि मग तो उत्तर बाहेर न शोधता आत शोधतो. १९८० च्या ‘विनिंग’ या पुस्तकात वॉकर हरण्या-जिंकण्यामागच्या मनोव्यापारांवरच लिहितात. पुस्तक वाचनीय आहे. पण मला शंका येते की त्यातल्या काही पराभवांना मानसशास्त्राची गरजच नसावी. वारा दोन बाजूंपैकी एकीकडे गेला. एवढंच झालं असेल.

तिसरे फ्रँक बेथवेट. जन्म न्यूझीलंडचा, घडण वैमानिकाची, पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक. नावा रचणारे, हवामान अभ्यासणारे. १९९३ मध्ये आलेलं त्यांचं ‘हाय परफॉर्मन्स सेलिंग’ हे पुस्तक जाडजूड आहे आणि पहिल्या वाचनात रूक्ष वाटतं. त्यांनी वारा मोजला. यंत्राने नोंदलेले वाऱ्याचे आलेख त्यांनी पुस्तकात छापले आणि वाचकाला ते पाहायला लावले. साधारण ६ नॉटच्या, म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या खालचा मंद वारा आणि त्याच्या वरचा वारा यांचा स्वभावच वेगळा आहे, एकाचे नियम दुसऱ्याला लावू नका, हा त्यांचा आग्रह. वारा घड्याळाच्या लंबकासारखा झुलतो हे इतर पुस्तकांतलं सोयीचं चित्र त्या आलेखांपुढे टिकत नाही. छोटे झोके मोठ्या झोक्यांवर बसलेले दिसतात, मोठे एखाद्या संथ सरकण्यावर.

बेथवेट यांच्याकडे वॉकर यांची गोष्ट सांगण्याची कला नाही. काही पानं अक्षरशः दमवतात. तरी या तिघांत मला ते सर्वांत सत्यनिष्ठ लेखक वाटतात, याचं कारण तो आलेख. आलेखाचं एक पान घ्या, त्यावर कागद ठेवा आणि तो हळूहळू उजवीकडे सरकवत जा. प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारा, आता रेघ वर जाईल की खाली? हा खेळ मी अनेकदा खेळले आहे. काही ठिकाणी उत्तर बऱ्यापैकी देता येतं. बऱ्याच ठिकाणी येत नाही. कागद बाजूला केला की मात्र रेघ अशी दिसते की जणू ती दुसरीकडे जाऊच शकत नव्हती. निर्णयाच्या क्षणी असलेला अंधार वाचकाच्या हातात देणारं या विषयातलं दुसरं पुस्तक मला माहीत नाही.

वेमथ, ऑगस्ट २०१२

हे सगळं एका शर्यतीवर घासून पाहू. लंडन ऑलिम्पिकची शीडशर्यत वेमथला झाली. फिन ही एकट्याने चालवायची साडेचार मीटरची डिंगी. ५ ऑगस्ट २०१२ ला तिची पदक-शर्यत नोथच्या किल्ल्याखाली, किनाऱ्याला लागून झाली; तिकीट काढलेले प्रेक्षक उतारावर बसले होते. प्रेक्षकांना नावा जवळून दिसाव्यात म्हणून निवडलेलं हे पाणी जमिनीच्या इतकं जवळ होतं की तिथला वारा लहरी असणार, हे नाविक धरूनच चालले होते.

दहा नावा. गुण दुप्पट. शीडशर्यतीत कमी गुण असलेला पुढे असतो, हे लक्षात ठेवा. डेन्मार्कचा योनास हॉग-क्रिस्टेन्सन ब्रिटनच्या बेन एन्स्लीपेक्षा दोन गुणांनी पुढे होता. दुप्पट गुणांमुळे एन्स्लीला त्याच्यापेक्षा फक्त एक जागा पुढे संपवायचं होतं. मग दोघांचे गुण सारखे होत होते, आणि बरोबरी पदक-शर्यतीतल्या क्रमाने सुटणार होती. अडचण एकच, पण मोठी: नेदरलँड्सचा पीटर-यान पोस्टमा. हे दोघे एकमेकांत अडकून मागे पडले आणि पोस्टमा पुरेसा पुढे गेला, तर पदकांचं सगळं गणित फिरू शकत होतं.

एन्स्लीने डेनला धरून ठेवलं. तो जिकडे जाईल तिकडे, त्याच्या जवळ. दोघे मागे पडत गेले. शेवटी एन्स्ली नववा, डेन दहावा म्हणजे शेवटचा. दोघांचे ४६ गुण, सुवर्ण एन्स्लीला. पोस्टमा शेवटच्या टप्प्यात वर सरकत होता, तेवढ्यात त्याची नाव न्यूझीलंडच्या डॅन स्लेटरच्या नावेला लागली, त्याला दंडाची फिरकी घ्यावी लागली आणि त्याचं पदकच गेलं. शर्यत जिंकणाऱ्या फ्रान्सच्या जोनाथन लोबेरला कांस्य मिळालं. एन्स्लीचं हे चौथं सुवर्ण. आधीचं एक रौप्य धरून त्याने पॉल एल्व्हस्ट्रॉम या डॅनिश नाविकाचा, १९४८ ते १९६० मधल्या चार सुवर्णांचा विक्रम मागे टाकला.

यानंतर जे लिहिलं गेलं त्यात दोन सूर होते. एक: थंड डोक्याचा, पोलादी नसांचा महान नाविक. दुसरा, थोडा दबक्या आवाजातला: हा कसला विजय, दोघांनी मिळून शेवटचा नंबर लावायचा?

दुसऱ्या सुराला उत्तर सोपं आहे. मालिकेतल्या स्वतःच्या क्रमासाठी प्रतिस्पर्ध्याला नियमांत राहून अडवणं हे या खेळात वैध आहे. जागतिक संघटनेच्या निवाड्यांमध्ये तसं स्पष्ट म्हटलेलं आहे. एन्स्ली हे पहिल्यांदा करत नव्हता. २००० मध्ये सिडनीला लेझर वर्गाच्या शेवटच्या शर्यतीत त्याने ब्राझीलच्या रॉबर्ट शाइटला असंच मागे खेचून सुवर्ण मिळवलं होतं. चार वर्षं आधी अटलांटाच्या खेळात त्याच शाइटने त्याला स्टार्टलाच गुंतवून सुवर्ण नेलं होतं. हा या खेळाचाच भाग आहे, आणि बुद्धीचा भाग आहे.

पहिल्या सुराशी माझं भांडण जास्त आहे. आडवं अंतर म्हणजे पैजेची रक्कम, हे वर म्हटलं. एन्स्लीने डेनला चिकटून ती रक्कम जवळजवळ शून्यावर आणली. वारा कुठेही वळो, दोघांना सारखंच मिळणार. पण त्याच कृतीने त्याने दुसरी पैज मोठी केली. पोस्टमा आणि बाकीचा ताफा यांच्यापासून तो लांब राहिला. त्या लांबीवर त्या लहरी पाण्यात काय होईल, हे त्याच्या हातात राहिलं नाही. पोस्टमाची नाव स्लेटरच्या नावेला लागली नसती तर काय झालं असतं? एन्स्लीचा निर्णय तसूभरही वेगळा नसता. त्याच्याबद्दलचे लेख मात्र वेगळे असते. ‘एका माणसाच्या मागे लागून बाकी शर्यत विसरला’ असा मथळा मला डोळ्यांसमोर दिसतो, आणि तो लिहिणाराही तोच असता ज्याने पोलादी नसा लिहिल्या.

मग निर्णय चांगला होता की वाईट? माझ्या मते चांगला होता, आणि हे मी सुवर्णपदकाकडे न बघता म्हणते. निश्चित गरज एका जागेची. ती मिळवण्याचा मार्ग वाऱ्यावर न सोपवता स्वतःच्या नाव हाकण्याच्या कौशल्यावर आणला. आणि जो धोका उरला तो होण्यासाठी तिसऱ्या माणसाने एकाच वेळी खूप पुढे यायला हवं होतं. हातात असलेल्या माहितीवर हे उत्तम गणित आहे. पोस्टमाचाही निर्णय मला मूर्खपणाचा वाटत नाही. पदकाच्या बेतात असलेल्या माणसाने शेवटच्या टप्प्यात वर सरकण्याचा प्रयत्न करायचा नाही तर कधी करायचा? कृतीत चूक झाली, नियमाने दंड झाला, तो योग्य झाला. पण चुकलेली कृती आणि चुकीचा निर्णय या दोन गोष्टी आहेत, आणि त्या दिवशीच्या वर्णनांत त्या सरमिसळ झाल्या.

यात कुणाचं काय बिघडतं

कुणी म्हणेल, खेळच तर आहे. जिंकणाऱ्याचं थोडं जास्त कौतुक झालं तर कुणाचं काय बिघडतं? शिकणाऱ्यांचं बिघडतं. ताफा सोडून एका टोकाला गेलेली एखादी नाव कधीतरी वाऱ्याच्या वळणाने पहिली येते. तिची गोष्ट सांगितली जाते, कारण ती सांगण्यासारखी असते. त्याच टोकाला जाऊन तिसावे आलेले वीस जण गोष्टीत येत नाहीत. मग बारा-चौदा वर्षांची मुलं टोकाला जायला शिकतात, त्याला धाडस म्हणायला शिकतात, आणि मध्ये राहून दर झोक्याला थोडं थोडं कमावणाऱ्या मुलाला वाटतं की आपल्यात काही कमी आहे. मालिका बहुधा तोच जिंकतो, पण त्याची गोष्ट कंटाळवाणी असते. आपल्याकडे शीडशर्यतीबद्दल मुळात लिहिलंच फार कमी जातं. १९८२ च्या एशियाडची शीडशर्यत मुंबईच्या पाण्यावर झाली आणि फारोख तारापोर-झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल वर्गात तिथे सुवर्ण जिंकलं, हे आज किती मराठी वाचकांना ठाऊक आहे? कमी लिहिलं जातं म्हणूनच जे लिहिलं जाईल ते नीट असावं. पदक आलं की जिद्द आणि नाही आलं की दडपण, या दोन शब्दांत वारा कुठेच येत नाही.

माझी मागणी अवघड नाही. शर्यतीबद्दल लिहिताना तीन प्रश्न वेगळे विचारावेत. त्या क्षणी नाविकाला काय दिसत होतं? त्याने किती मोठी पैज लावली, आणि तेवढी लावायची त्याला गरज होती का? आणि मग वाऱ्याने काय केलं? तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोघांत मिसळू द्यायचं नाही. बेथवेट यांच्या आलेखावर कागद सरकवताना जी शिस्त लागते तीच ही शिस्त. वॉकर यांची लेखणी आणि ही शिस्त एका माणसात आली, तर शीडशर्यतीवरचं मोठं पुस्तक तयार होईल. माझ्या वाचनात ते अजून आलेलं नाही.

तोवर एन्स्लीची ती शर्यत पुन्हा पाहायची असेल तर आवाज बंद करून पाहा. समालोचक नसताना दोन नावा हळूहळू मागे पडत जाताना दिसतात, पुढे पोस्टमाची नाव वर चढत असते, आणि बराच वेळ हे सगळं कुठे जाणार आहे ते कळत नाही. त्या दिवशी पाण्यावर असलेल्या दहा जणांनाही ते कळत नव्हतं.